एका खुर्चीसाठी

डॅलस, ९ ऑक्टोबर २००५

बाबा,

काल शेजारच्या आजींकडे गेले होते. सोमवारी अध्यक्ष बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरिएट मायर्स यांचं नाव जाहीर केलं. मायर्स याच गावच्या, म्हणून घरात आनंद असेल असं मला वाटलं. पण आजी नुसत्या धुमसत होत्या. गेल्या वर्षी बुशसाठी त्या दारोदार फिरल्या होत्या. “ते सगळं या एका खुर्चीसाठी केलं,” म्हणाल्या.

ही खुर्ची सँड्रा डे ओकॉनर यांची. त्यांचं मत कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडे आणि निकाल फिरे. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ खटला उभा राहिला तो याच डॅलसमध्ये. वेड हे इथले सरकारी वकील. तो निकाल उलटावा म्हणून आजींची पिढी तीस वर्षं मतं देत आली आहे. थोरल्या बुशनी १९९० मध्ये डेव्हिड सूटर यांना नेमलं. ते आपल्यातले, असा भरवसा या लोकांना होता. दोनच वर्षांत सूटर यांनी रोचा गाभा शाबूत ठेवणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. ती जखम अजून ओली आहे.

बाबा, न्यायाधीश त्याच्या निकालांवरून ओळखावा, असं तुम्ही नेहमी सांगता. मायर्सबाई कधी न्यायाधीशच नव्हत्या. आधी त्या बुश यांच्या खासगी वकील, आता व्हाइट हाउसच्या. वाचायला काही नाही. अध्यक्ष म्हणतात, मी त्यांना ओळखतो, वीस वर्षांनीही त्या बदलणार नाहीत. आजींचं म्हणणं, सिनेटमध्ये आपल्या पक्षाचे पंचावन्न जण असताना भरवशावर का राहायचं? मला त्यांचं पटलं.

वॉशिंग्टन, २० ऑक्टोबर

आज न्यायालयाच्या पांढऱ्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले. समोरच कॅपिटॉल. मायर्सबाईंनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरं अपुरी आहेत, असं सिनेटच्या न्यायसमितीने काल कळवलं, आणि समितीचे अध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे. १९८५ मध्ये डॅलसच्या आणि १९९२ मध्ये टेक्ससच्या वकील संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या बाईला काल आलेल्या उमेदवारासारखं बोललं जातंय, याचं मला वाईट वाटतं. राग अध्यक्षांवर आहे, वार तिच्यावर होताहेत.

तरी हा राग मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे १९९३ पासून न्यायमूर्तीच न्यायमूर्ती निवडतात. कोणाचं नाव का आलं, कोणाचं का गळलं, हे तुम्हाला चाळीस वर्षं वकिली करूनही कळलं नाही. इथे शेजारच्या आजींना ते विचारता येतं.

वॉशिंग्टन, २८ ऑक्टोबर

काल मायर्सबाईंनी माघार घेतली. व्हाइट हाउसचे अंतर्गत कागद सिनेट मागतंय, ते देता येणार नाहीत, हे कारण सांगितलं गेलं. आपल्याच माणसांनी पाठ फिरवली, हे सगळ्यांना दिसत होतं.

रात्री आजींना फोन केला. जिंकल्याचा सूर नव्हता. अध्यक्षांनी आम्हाला गृहीत धरलं, एवढंच दोनदा म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, रविवारी चर्चमध्ये हॅरिएटसाठी प्रार्थना करणार आहे.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची लेक