आजीच्या नथीतलं माणिक

नथ दुरुस्तीला आली होती. तार सैल पडलेली, दोन मोती गळालेले. मधला तांबडा खडा मात्र घट्ट. आजी म्हणाल्या, "मोती कुठलेही घाला, पण माणकाला धक्का लावू नका. सासूबाईंच्या आईचं आहे. दुधात टाकलं की दूध गुलाबी दिसतं!"

दुधात कुठलाही तांबडा खडा टाकला तरी तेच दिसेल, हे मी त्यांना सांगितलं नाही. सवयीनं भिंग डोळ्याला लावलं. खाणीतल्या माणकात सहसा काहीतरी असतंच. एखादी चीर, एखादा कण, नाहीतर रुटाइलच्या बारीक सुयांचं जाळं; त्याला आम्ही रेशीम म्हणतो. इथे सगळं स्वच्छ. नथ जरा कलती केली, तेव्हा ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा गोलाईत गेलेल्या रेषा दिसल्या आणि कडेला हवेचा एक बुडबुडा. खाणीतल्या माणकाच्या रेषा सरळ जातात, वळल्याच तर कोनात.

हे माणिक भट्टीतलं. ज्वाळेतून अॅल्युमिनाची पूड वितळवत खडा वाढवायची रीत फ्रान्समधल्या व्हर्नोयनं १९०२ मध्ये जाहीर केली आणि काही वर्षांतच असे खडे बाजारात आले. म्हणजे पणजीच्या लग्नातला खडासुद्धा भट्टीतला असू शकतो. त्याला काच मात्र म्हणता येत नाही. तेच अॅल्युमिनियम ऑक्साइड, तांबडेपणा देणारं तेच क्रोमियम, काठिण्य तेच ९.

नजर चुकण्याची लाज राजांनीही बाळगली नाही. ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' ही खरी तर लालडी. मोगल बादशहांची नावं कोरलेलं 'तैमूरचं माणिक' तेही लालडीच. लालडी हे खनिजच निराळं, आणि मला विचाराल तर देखणेपणात माणकाहून तसूभरही कमी नाही.

आजींना सांगितलं. त्या थोडा वेळ नथीकडे बघत राहिल्या. "मग काढायचं का?"

"छे! शंभरेक वर्षं नाकात शोभलंय."

मोती ओवले. पावतीवर 'कृत्रिम माणिक' असं लिहिलं, कारण नथ दोन लेकींच्या वाटणीत जायची होती. तुमच्याही घरी अशी नथ असेल, तर माणकाचा भाव धरण्याआधी एकदा भिंगाखाली दाखवून घ्या.