इस्त्री आणि शिंपी

"आजी, तू माझ्यावर रागावलीस का गं?"

दोन वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका संध्याकाळी माझ्या पाच वर्षांच्या नातवाने मला हा प्रश्न विचारला. त्या वेळी मी त्याला वरणभात भरवीत होते आणि माझ्या मनात रागाचा लवलेशही नव्हता. "नाही रे राजा," असे म्हणून मी त्याला जवळ घेतले. पण त्याचे समाधान झाले नाही. माझ्या ओठांच्या कोपऱ्यावर इवलेसे बोट ठेवून तो म्हणाला, "मग हे असं खाली का केलंस?"

त्या रात्री घरातील सारी मंडळी निजल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. गालांचे मांस हनुवटीच्या दोन्ही बाजूंना उतरले होते, ओठांचे कोपरे खाली ओढले गेले होते, पापण्या जड झाल्या होत्या आणि कपाळावर तीन आडव्या आठ्या कायमच्या वस्तीला आल्या होत्या. त्रेसष्ट वर्षांची बाई रात्री दिवा लावून आरशात पाहते म्हटले की आपल्याकडे हसू येते. मलाही ते येत असे. चौतीस वर्षे मी महाविद्यालयात संस्कृत शिकविले, आणि देहाच्या नश्वरतेवरील सुभाषिते मुलींना मोठ्या रसाळपणे समजावून दिली. पण पाच वर्षांच्या पोराने आपल्या तोंडाकडे पाहून भ्यावे, ही गोष्ट कोणत्याही सुभाषितात बसेना.

मी उपाय करावयाचे ठरविले, आणि घरात कोणालाही सांगितले नाही. आमचे घर एकत्र. सासूबाई, दीर, जाऊबाई, दोन सुना. "दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन येते," असे सांगून मी एका त्वचेच्या दवाखान्यात गेले. तेथे दोन मार्ग कळले: एक लेसरचा, दुसरा शस्त्रक्रियेचा. मी क्षणाचाही विलंब न लावता लेसर पसंत केला. कारण उघड होते. त्यात चाकू नाही, टाका नाही, भूल देऊन निजविणे नाही. माझी व्याधी कोणती, याचा विचार मी केलाच नाही. विचार केला तो केवळ माझ्या भीतीचा.

लेसर म्हणजे काय, हे मी पुढे वाचून जाणून घेतले. पहिला लेसर थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली प्रकाशित केला. सुरकुत्यांसाठी वापरतात त्यांपैकी एका प्रकारात कार्बन डायऑक्साइड वायूपासून किरण निर्माण होतो. त्वचेतील पाणी तो शोषून घेते, क्षणार्धात तापते, आणि वरचा पातळ थर वाफेसारखा उडून जातो. जखम भरताना खाली नवे तंतू तयार होतात व कातडी अधिक गुळगुळीत होते. पूर्वी सबंध चेहऱ्याची साल अशी काढीत. २००४ साली निराळी युक्ती प्रसिद्ध झाली: किरणाने चाळणीसारखी सूक्ष्म छिद्रे पाडावयाची आणि मधली कातडी शाबूत ठेवावयाची, म्हणजे जखम लवकर भरते. माझ्यावर हाच प्रयोग झाला, एकदा पौषात व एकदा फाल्गुनात.

पहिल्या खेपेस चार दिवस चेहरा लाल झाला आणि खपल्या धरल्या. घरात मी "पित्त उठले" असे सांगितले. बारीक रेषा खरोखरच पुसट झाल्या. मी हुरळून गेले. दुसऱ्या खेपेनंतर मात्र चैत्र लागला आणि घरात वाळवणाची धांदल सुरू झाली. सांडगे, पापड, कुरडया गच्चीवर पडल्या. कावळे हाकलण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. ते टाळावे तर कारण सांगावे लागणार. सबब मी पदर डोक्यावर घेऊन सहा दिवस गच्चीवर बसले. पापडांबरोबर मीही वाळले! पंधरवड्यातच दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले.

दवाखान्याने दिलेल्या कागदावर 'ऊन टाळावे' असे छापलेले होते; मी तो नीट वाचला नव्हता. उलटपक्षी, साधा फोड आला तरी माझ्या अंगावर वर्षभर काळा व्रण राहतो, हे तेथे मला कोणी विचारलेही नव्हते. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या कातडीत रंग निर्माण करणाऱ्या पेशी फार जागरूक असतात. उष्णतेने वा दाहाने त्या चवताळल्या की डाग पडतात. म्हणून आपल्याकडे किरणाची शक्ती बेताची ठेवावी लागते आणि त्याआधी व नंतर उन्हापासून जपावे लागते. माझे डाग जावयास जवळजवळ दहा महिने लागले. आणि जे सुधारावे म्हणून मी हा खटाटोप केला, ते ओठांचे कोपरे होते तेथेच राहिले.

डाग लपविणे शक्यच नव्हते. तेव्हा धाकट्या सुनेजवळ मी सारे कबूल केले. ती हसली नाही. मार्गशीर्षात तीच मला एका शल्यविशारदांकडे घेऊन गेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाई, आपण स्वतःच्या इच्छेने आलात ना?" मग त्यांनी मला टेबलावर उताणे निजविले आणि हातात आरसा दिला. मी पाहते तो गाल मागे सरकलेले, हनुवटीची कड स्वच्छ, ओठांचे कोपरे सरळ! "आता सुरकुत्या पाहा," ते म्हणाले. कपाळावरच्या व डोळ्यांभोवतालच्या बारीक रेषा मात्र जशाच्या तशा होत्या. "निजल्यावर जे नाहीसे होते, ते ढिलेपण. त्याला शस्त्रक्रिया. निजल्यावरही जे राहते, ते कातडीचे दोष. त्यांतल्या काहींना लेसर. इस्त्रीने चुण्या जातात, पण सैल झालेले पोलके घट्ट होत नाही. त्याला शिंपीच लागतो."

इतकी साधी गोष्ट वर्षभरापूर्वी कळली असती तर! पण शिंप्याचे कामही सोपे नव्हते. वयाबरोबर केवळ कातडीच नव्हे, तर खालची चरबी व हाडेही झिजतात आणि आधार सुटतो. कातडीखाली एक चिवट पडदा असतो. त्याचे वर्णन पॅरिसमधील मिट्झ व पेरोनी या दोघांनी १९७६ साली केले. पुष्कळ शल्यविशारद आज कातडी नुसती ताणीत नाहीत, तर हा पडदा उचलून बांधतात. त्याच्या जवळूनच चेहरा हलविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा जातात; त्यांना इजा झाली तर हसूच वाकडे होते. कातडीखाली रक्त साकळण्याचे भय असते, आणि रक्तदाब असणाऱ्यांस ते अधिक. मला बारा वर्षांपासून रक्तदाब आहे. शिवाय, वय काही तेथे थांबत नाही, हेही त्यांनी सांगितले.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. माझ्या वरच्या पापण्यांची कातडी लोंबून बुबुळावर आली होती, आणि ती वर उचलण्यासाठी मी नकळत दिवसभर कपाळ ताणीत होते. त्यामुळेच त्या तीन आठ्या! नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिक्षेत्र तपासले तेव्हा वरचा भाग खरोखरच झाकला गेल्याचे आढळले.

घरी सभा बसली. दिरांचे मत, "या वयात ही हौस कशाला?" मला आमच्या पुण्याचीच एक जुनी हकीकत आठवली. टिपूच्या ताब्यात सापडून नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवून दिले. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते छापून आले आणि युरोपातील वैद्यांचे डोळे उघडले. कावसजीला कोणी हौशी म्हटले नाही. पण कापले गेलेले नाक आणि उतरलेला गाल या दोहोंमध्ये रेघ कोठे ओढावयाची? मला ते उत्तर सापडेना.

उत्तर दिले ते अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी. वाती वळता वळता त्या म्हणाल्या, "माझा मोतीबिंदू काढला तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हातारीला डोळे कशाला म्हणून. डोळ्यांचं करून घे. गालांचं तुझं तू बघ. पण एक सांगते, पोराशी बोलताना तू पेपर तपासल्यासारखी बघतेस."

मी फार लागले नाही म्हणावे तर ते खोटे होईल. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले. तिसऱ्या दिवशी मला उमगले की, माझ्या तोंडावरील रागाचा काही भाग कातडीचा होता, काही पापण्यांचा, आणि काही खरोखरच माझा होता. पहिल्या दोहोंना वैद्य आहेत.

गेल्या पौषात जागच्या जागी भूल देऊन माझ्या पापण्यांची जादा कातडी काढली. आठ-दहा दिवस डोळ्यांभोवती निळेजांभळे वर्तुळ होते. या वेळी मी ते कोणापासून लपविले नाही. गालांची शस्त्रक्रिया मी केली नाही. रक्तदाबाचे कारण आहेच. पण तेवढ्यासाठी ती जोखीम घ्यावी असे मला वाटले नाही, हेही खरे. ज्या बाईंना ती घ्यावीशी वाटते, त्यांना मी आता हसत नाही. एवढेच म्हणते, की आधी उताणे निजून आरशात पाहावे.

वैशाखात नातवाच्या चुलतभावाची मुंज झाली. त्या छायाचित्रात माझे गाल होते तसेच लोंबताहेत. कपाळ मात्र मोकळे आहे. अलीकडे नातवाने तो प्रश्न एकदाच विचारला, त्याने माझी संस्कृत कोशाची पाने फाडली त्या दिवशी. त्या वेळी मी खरोखरच रागावले होते, आणि तसे त्याला सांगितलेही.