क्राऊन-पिनियनच्या गावात

गुरुवार. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. रस्ते मोकळे, मी रजेवर आणि सॅकमध्ये रिमोटवर चालणारा ट्रक. मोटर सुसाट, मागची चाकं ठप्प, आतून नुसतं टर्रर्र! डिफ्रन्शिअल गेलाय, तिसऱ्यांदा. सोबत नवा गियर सेट आहे, पण बायकोने बजावलंय, हा शेवटचा. यानंतर ट्रक विकायचा.

शेजारच्या पिंपरीत टेल्को १९६६ साली आली. खरे ट्रक घडवणाऱ्या या पट्ट्यात माझ्या हातभर ट्रकला डॉक्टर मिळणार नाही?

मिळाला ना! एका गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं. गियर कटिंगमध्ये हयात घालवलेल्या काकांनी भिंगातून क्राऊनचे दात पाहिले.

"झिजले नाहीत, सोललेत. पिनियन लांब बसलंय."

नवा सेट बसवताना त्यांनी बेअरिंगमागे कागदाएवढा पातळ शिम सरकवला आणि बोटाने फिरवून पाहिलं. अडकायला नको, खुळखुळायलाही नको. क्राऊनला ग्रीस, आतल्या छोट्या गियरना सिलिकॉन ऑइल.

"उडी मारताना हवेत फुल थ्रॉटल देतोस ना?"

देतो की! मजा तीच तर आहे.

"अरे, हवेत चाकं भन्नाट फिरतात आणि टेकताच त्यांना एकदम ब्रेक लागतो. तो झटका या दातांवर. टेकायच्या आधी बोट सोड. स्लिपर क्लचही जरा ढिला ठेव, आधी तो घसरू दे."

पैसे घेईनात. म्हणाले, दोन मिनिटं चालवू दे. पहिल्याच स्पीडब्रेकरवरून उडवला की हो! मी डोळे मिटले. ट्रक टेकला. टर्रर्र मात्र नाही आलं.