चवड्याखालचा खडा

अण्णांनी चप्पल काढली, उलटी केली आणि झटकली. खडा नव्हता. दहा पावले गेल्यावर पुन्हा तोच टोचरा स्पर्श, उजव्या पायाच्या चवड्याखाली, मधल्या बोटांच्या मुळाशी. विष्णुपुरीच्या जलाशयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या पहाटे त्यांनी तीनदा चप्पल झटकली. तिसऱ्यांदा त्यांच्या ध्यानी आले की, खडा चपलेत नाही, पायातच आहे.

नांदेडच्या नव्या मोंढ्यात आडत, राहणे विष्णुपुरीला, आणि वीस वर्षांचा पहाटे चालण्याचा नेम. गोदावरीचे अडवलेले पाणी डाव्या-उजव्या हाताला ठेवून चार किलोमीटर जायचे-यायचे, मग स्नान, मंदिर, पेढी. हा नेम हौसेचा नव्हता. अण्णांच्या वडिलांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायाचा अंगठा काढावा लागला आणि मोंढा ज्यांच्या आवाजाने दुमदुमे ते गृहस्थ ओसरीवर खिळले. अण्णा चालत होते ते त्या ओसरीपासून दूर.

त्यात संक्रांतीनंतर श्रीसंमेदशिखरजीच्या यात्रेची तिकिटे काढलेली. नातवाची पहिलीच वंदना. चढण, टोंकांची परिक्रमा आणि उतार मिळून सत्तावीस किलोमीटर. वडिलांनी ती अनवाणी केली होती, अण्णांनीही एकदा केली होती. आता नातवाने केली की तीन पिढ्यांची रांग पुरी होणार होती.

म्हणून त्यांनी दुखणे लपवले. व्यापारी माणूस तोटा लपवतो तसे, रोज थोडे पुढे ढकलीत. रात्री गुपचूप एरंडेल चोळले, तापवलेल्या विटेने शेकले. मोंढ्यातल्या एका स्नेह्याने उंचवट्यांची ॲक्युप्रेशरची चप्पल भेट दिली. ती आठ दिवस घातल्यावर पेढीची पायरी चढताना डोळ्यांत पाणी येऊ लागले. दुखऱ्या हाडावर रबराची टोके रोवणे हा कसला उपचार! पण अशा वेळी ज्याचा त्याचा सल्ला औषध वाटू लागतो.

पकडले ते सुनेने. जिन्यावरच्या पावलांचा ताल बदललेला तिने ऐकला होता. "अण्णा, तुम्ही उजवा पाय कडेवर टाकता. उद्या दवाखान्यात जायचं," एवढेच ती म्हणाली. काकूंनी अण्णांकडे पाहिले, आणि विषय संपला.

डॉक्टरांनी आधी नायलॉनचा एक बारीक दोरा काढला. दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा हा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून स्पर्श कळतो की नाही, हे पाहतात. मधुमेहाने बधिरलेल्या पायाला तो कळत नाही. अण्णांची साखर सीमेवर होती. डोळे मिटून ते प्रत्येक स्पर्शाला "हो" म्हणत होते, आणि दोन स्पर्शांमधला काळ त्यांना फार लांब वाटत होता. एकही "हो" चुकला नाही. संवेदना शाबूत होती. पाय दुखतो याचा आनंद व्हावा, असा तो क्षण होता.

मग पाय आडवा दाबून बोटांमधील मज्जातंतू जाड झाला आहे का, हे पाहिले. त्या विकाराला मॉर्टनचे नाव आहे. फिलाडेल्फियाच्या या शल्यविशारदाने 1876 मध्ये त्याचे वर्णन केले, परंतु त्याच्या तीस वर्षे आधी, 1845 मध्ये, इंग्लंडच्या राणीच्या पायांची निगा राखणाऱ्या ड्युरलाखरने ते लिहून ठेवले होते. श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणे केवळ मोंढ्यातच घडते असे नाही. अण्णांना तो विकार नव्हता. त्यांचा होता मेटाटार्सल्जिया, म्हणजे चवड्याच्या पाच लांब हाडांच्या टोकांवर पडणारा अतिभार. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली की देहाचा सारा भार या टोकांवर येतो. त्यांच्याखालची मांसल गादी वयाबरोबर झिजते. पोटरी आखडलेली असली तर टाच लवकर उचलली जाते आणि भार अधिक काळ चवड्यावर राहतो.

"दिवसभर उभे कशावर असता?" डॉक्टरांनी विचारले. अण्णांनी हिशोब सांगितला. पेढीवर गादीच्या मानासाठी चप्पल उंबऱ्याबाहेर, सौद्याच्या वेळी तासन्‌तास सिमेंटवर उभे, घरी गुळगुळीत फरशी, मंदिरात संगमरवर. चप्पल पायात असे ती फक्त पहाटे. जिच्यावर सर्वांनी ठपका ठेवला ती पहाटेची फेरी बरीचशी निर्दोष निघाली. मुद्दल आटत होते ते उरलेल्या दिवसात.

उपाय साधे होते, पण त्यांची जागा नेमकी हवी. रबरी फेल्टची एक छोटी उशी पादत्राणात बसवायची. अण्णांनी ती आधी थेट दुखऱ्या जागेखाली चिकटवली आणि दुखणे वाढले. ती हवी दुखऱ्या टोकांच्या किंचित मागे, म्हणजे हाडांचा दांडा भार उचलतो आणि टोके सुटी होतात. पोते मानेच्या एका मणक्यावर कोणता हमाल घेतो? तो पाठीवर पसरून घेतो. हे उदाहरण अण्णांनी स्वतःच डॉक्टरांना दिले.

पादत्राण पुढे रुंद हवे, तळ मऊ हवा. दुकानात दाखवलेली तयार सँडल चामड्याची होती, अण्णांनी ती हातातही घेतली नाही. शेवटी एमसीआर रबराची, रेक्झिनच्या पट्ट्यांची चप्पल मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी अशाच सच्छिद्र रबराच्या पादत्राणांवर काम केले होते. ज्यांना समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी झालेली सोय आज गादीवरच्या शेठजींच्या पायात येते.

घरातल्या चपलेवरून मात्र वाद झाला. "स्वयंपाकघरात चप्पल? या घरात?" काकूंचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू गेला. दोन दिवसांनी त्यांनीच एक नवी मऊ जोडी आणली, तिच्यावर लाल दोऱ्याने खूण केली आणि ती उंबऱ्याबाहेर कधीही जाणार नाही, अशी अट घातली. स्वयंपाकघराच्या दारात तिलाही मज्जाव होता. आत त्यांनी गोधडी चौपदरी घालून ठेवली. पेढीवर काट्यापाशी रबराची जाड चटई आली. मंदिरात सतरंजीची घडी.

चालणे निम्मे झाले. उरलेल्या वेळात विद्यापीठाच्या बाजूने सायकल, पायडलवर चवड्याऐवजी पावलाचा मध्य ठेवून. सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, टाच जमिनीवर ठेवून, अर्धा-अर्धा मिनिट. सहा आठवड्यांत खडा जवळजवळ विरघळला. मग सोयाबीनची आवक वाढली, चटई सोडून अण्णा दिवसभर ढिगाऱ्यांमधून अनवाणी फिरले आणि रात्री खडा परत आला. त्या रात्री त्यांनी यात्रेचा विषय स्वतःहून काढला.

अनवाणी चढणे शक्य नव्हते. चढणीवर टाच नीट टेकत नाही, सगळा भार चवड्यावर. मुलाने डोली सुचवली. अण्णा म्हणाले, "चार माणसांच्या खांद्यांवर माझा पाय बरा करायचा?" त्यांना कापडी बुटांचीही लाज वाटत होती. वडील अनवाणी गेले होते ना! काकू हातातले निवडणे न थांबवता म्हणाल्या, "मामंजींना शेवटी पाय राहिला नाही. तुम्हाला आहे. तो जपून न्या."

पहाटे तीनला मधुबनातून कुटुंब निघाले. नातू अनवाणी पुढे, अण्णा कापडी बुटांत, काठी टेकीत मागे. प्रत्येक टोंकेपाशी ते खाली बसत, बूट काढीत, दर्शन घेत, पुन्हा बसून नाड्या बांधीत. नातू तेवढा वेळ थांबे. चंद्रप्रभूंच्या दूरच्या टोंकेकडे वाट वळली तेव्हा चवड्याखाली ओळखीची टोच उठली. अण्णा तिथेच एका दगडावर टेकले, त्या दिशेला हात जोडले आणि नातवाला म्हणाले, "तू जाऊन ये. मी पार्श्वनाथांच्या टोंकेसाठी पाय राखून ठेवतो."

ती टोंक दोघांनी बरोबर गाठली. उतरताना नातवाच्या तळव्याला फोड आला, तेव्हा अण्णांनी खिशातली राखीव उशी काढली, कात्रीने गोल कापली आणि कुठे लावायची, हे त्याला दोनदा समजावून सांगितले.