मेंदूची बरणी आणि पळून गेलेला बाप

विज्ञानसाहित्य आणि विज्ञानपट शिकवताना कृत्रिम माणसाचा विषय निघाला, की मी वर्गात आधी एकच प्रश्न टाकतो: चूक कोणाची? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'त्या राक्षसाची.' मुलांनी 'फ्रँकेनस्टाइन' वाचलेली नसते, पण चेहरा ओळखीचा असतो. सपाट माथा, जड पापण्या, मानेत खिळे. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत हा चेहरा कुठेच नाही. १९३१ साली जेम्स व्हेलच्या चित्रपटासाठी रंगभूषाकार जॅक पिअर्सने तो बोरिस कार्लॉफला चढवला. गाल खोल दिसावा म्हणून कार्लॉफने तोंडातला दातांचा ब्रिजसुद्धा काढून ठेवला होता. छताच्या झरोक्यातून आलेल्या उजेडाकडे तो हात पसरतो, तेव्हा आजही माझ्या पोटात कालवतं.

तरीही या चित्रपटाशी माझं भांडण आहे, आणि ते एका बरणीवरून आहे. शास्त्रज्ञाचा मदतनीस फ्रिट्झ वैद्यकीय महाविद्यालयात मेंदू चोरायला जातो. चांगल्या मेंदूची बरणी दचकून त्याच्या हातून पडते, फुटते, आणि तो शेजारची 'विकृत' अशी चिठ्ठी लावलेली बरणी उचलून आणतो. झालं! पुढे जे काही घडतं त्याचा दोष त्या बरणीवर टाकायला प्रेक्षक मोकळा होतो. सुटा भाग खराब निघाला, त्याला बनवणारा काय करणार?

कादंबरीत अशी बरणी नाही. तिथे नोव्हेंबरची पावसाळी रात्र आहे, इंगोल्स्टाटमधली एक खोली आहे. प्राणी डोळे उघडतो आणि त्याला बनवणारा व्हिक्टर भिऊन शयनगृहात पळतो. झोपेतून दचकून उठतो तर पलंगाचा पडदा बाजूला सारून तो प्राणी समोर उभा. तोंडातून अस्फुट आवाज, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या, पुढे केलेला एक हात. नवजात जीव बापाकडे हात करतो तसाच. व्हिक्टर जिना उतरून अंगणात पळतो. त्याने त्याला साधं नावही दिलेलं नाही. मेरीची आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारली होती आणि १८१५ मध्ये मेरीचं पहिलं मूलही दगावलं. पोरकेपण म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं.

पुढे तो प्राणी एका झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपून राहतो. घरातली माणसं एका परदेशी मुलीला भाषा शिकवत असतात, तीच तो फटीतून ऐकून शिकतो. रात्री त्यांच्यासाठी गुपचूप लाकडं आणून ठेवतो. घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी तो धीर करून बोलतो, म्हातारा मायेने उत्तरही देतो. पण मुलगा येऊन त्याला काठीने झोडपतो. त्यानंतर तो नदीत बुडणाऱ्या एका मुलीला वाचवतो आणि तिच्याबरोबरचा माणूस त्याच्यावर गोळी झाडतो. चित्रपटात याच्या नेमकं उलट घडतं. तिथे तो मुलीबरोबर तळ्यात फुलं सोडत असतो, फुलं संपल्यावर तीही तरंगेल असं समजून तिलाच पाण्यात टाकतो, आणि ती बुडते. वाचवणारा हात बुडवणारा झाला. त्याची वाणीही गेली, उरलं ते गुरगुरणं.

आपल्याकडचा ओळखीचा नमुना म्हणजे शंकर यांचा २०१० चा 'एंधिरन', हिंदीतला 'रोबोट'. त्यातला यंत्रमानव चिट्टी प्रेमात पडतो, लष्करासमोरच्या परीक्षेत फसतो, आणि त्याला बनवणारा शास्त्रज्ञ वशीगरन संतापून स्वतःच्या हाताने त्याचे तुकडे करतो. इथे चित्रपट मेरी शेलीच्या अगदी जवळ पोचलेला असतो. मग खलनायक चिट्टीच्या शरीरात लाल चिप बसवतो, आणि ती बरणी परत येते. रजनीकांतच्या ताकदीच्या अभिनयाला शेवटी त्या चिपेचं ओझं वाहावं लागतं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

ही पळवाट रिडली स्कॉटच्या 'ब्लेड रनर'ने (१९८२) घेतली नाही. त्यातला कृत्रिम माणूस रॉय बॅटी बिघडलेला नाही. त्याला चारच वर्षांचं आयुष्य ठरवून दिलेलं आहे. तो थेट आपल्या निर्मात्याच्या शयनगृहात जाऊन अधिक आयुष्य मागतो. पदरी पडते फक्त शाबासकी. तो निर्मात्याला ठार मारतो, आणि पुढे आपल्याला मारायला आलेल्या माणसाला गच्चीवरून पडताना मनगट धरून वर ओढून घेतो. इतक्या हिंसेनंतरचं हे कृत्य पटतं, कारण तोवर चित्रपटाने त्याला बोलू दिलेलं असतं. कृत्रिम माणसाची कोणतीही कथा मी याच कसोटीवर पारखतो: त्याला स्वतःची बाजू मांडायला मिळते का, आणि बनवणारा तेव्हा समोर थांबतो का.

'फ्रँकेनस्टाइन'च्या १८३१ च्या आवृत्तीत ११ ते १६ ही सहा प्रकरणं त्या बिननावाच्या प्राण्याने स्वतःच्या तोंडून सांगितली आहेत. चित्रपट कितीही वेळा पाहिला असला, तरी या दिवाळीच्या सुट्टीत निदान तेवढी सहा प्रकरणं वाचा.