एकलेच का?

सायकलवरून एकट्याने लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला रस्त्यात तीन प्रश्न विचारले जातात. पहिला, “कुठून आलात?” दुसरा, “कुठं चाललात?” या दोहोंची उत्तरे सोपी. पुण्याहून आलो, नागपूरला चाललो. तिसरा प्रश्न मात्र दिसतो तितका साधा नाही. परभणी मागे टाकून मी हिंगोली जिल्ह्यात शिरलो, तेव्हा वसमतच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या सायकलीभोवती सावकाश प्रदक्षिणा घातली आणि तो प्रश्न आपल्या बोलीत टाकला, “एकलेच का?”

“एकलाच!” मी म्हणालो. खोटे कशाला सांगू? जरा ऐटीतच म्हणालो.

त्या ऐटीचे पुढे काय झाले, तीच ही हकीकत आहे.

बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली. सायकलचा नाद लहानपणापासूनचा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे १९२८ साली तो पुरा करून परतले, ही गोष्ट मी शाळेत असताना ऐकली होती. पुढे २०१८ साली आमच्याच पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली. विशीतली मुलगी एकटी जग फिरून येते, आणि आपण मंडईपर्यंतही रिक्षाने जातो! पुणे ते नागपूर हा बेत त्या लाजेपोटी जन्माला आला.

घरून निघताना मी सौभाग्यवतींना ऐकवले होते, “कुणापुढे हात पसरायची वेळ येणार नाही, इतकी तयारी केली आहे.” त्यावर ती एवढेच म्हणाली, “तयारी सगळी झाली. तेवढे कुणाकडून काही घ्यायला मात्र तुम्ही अजून शिकला नाहीत.”

हा टोला कुठे बसला ते मला ठाऊक होते. बारा वर्षांपूर्वी मुलीच्या आजारपणात माझा धाकटा भाऊ न सांगता पैसे घेऊन नागपूरहून धावत आला होता. मुलगी बरी झाली. मी ते पैसे सहा महिन्यांत परत केले, तेही बँकेच्या दराने व्याज मोजून. पाकीट हातात घेताना तो काही बोलला नाही. पण त्यानंतर तो आमच्याकडे राहायला म्हणून कधी आला नाही. दिवाळीला फोन येतो, तब्येतीची चौकशी होते आणि संपते. नागपूरला मी मुक्कामासाठी लॉजची खोली आधीच ठरवून ठेवली होती, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे.

असो. सायकलवरचा दिवस असतो कसा, ते आधी सांगतो. कारण घरबसल्या माणसाला त्यात मोठे साहस दिसते आणि प्रत्यक्षात तो एक संसारच असतो. पहाटे साडेचारला उठायचे. अंधारातच बिऱ्हाड आवरून दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भरायचे, आणि तेही रोज त्याच क्रमाने; नाहीतर दाढीचे सामान शोधताना पंक्चरचे सामान हाती येते. चाकांतली हवा अंगठ्याने दाबून पाहायची, चेनला तेलाचे चार थेंब द्यायचे, तीन बाटल्या पाणी भरायचे आणि फटफटायला लागताच निघायचे. पहिले दोन तास सोन्याचे. साडेआठच्या सुमारास एखाद्या फाट्यावर गरम सुशीला मिळते. मुरमुऱ्यांचा हा पदार्थ मराठवाड्यात पोह्यांच्या बरोबरीने मान मिळवून आहे. अकरा वाजता ऊन डोक्यावर आले की देवळाचा पार गाठायचा, भाकरी-ठेचा मिळाला तर खायचा, कालचे कपडे धुऊन सायकलीवरच वाळत घालायचे आणि पाठ टेकायची. चारनंतर पुन्हा दोन तास. अंधारापूर्वी निवारा शोधायचा आणि रात्री वहीत जमाखर्च मांडून घरी फोन करायचा. साठ किलोमीटर झाले की मी स्वतःला शाबासकी देत असे.

दिवस फाल्गुनाचे होते. पूर्णा नदीवर साठच्या दशकात येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली आणि कालव्यांचे पाणी वसमतकडच्या काळ्या जमिनीत खेळू लागले. आता तिथे ऊस दिसतो, केळी दिसतात आणि या दिवसांत जिकडेतिकडे हळद दिसते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एकीकडे बांधावर पळस फुललेला, दुसरीकडे खळ्यावर हळद पसरलेली. दुचाकीवरून जाणाऱ्याला हा देखावा मोटारीतल्यापेक्षा दहापट जास्त मिळतो, कारण त्याला वासही येतो.

वसमतहून औंढ्याला जाताना मी डांबरी रस्ता सोडून शिवारातली वाट धरली, आणि साडेचारच्या सुमारास मागचे चाक बसले. बाभळीचा काटा! मी हसलो. याचसाठी तर तयारी केली होती. ट्यूब काढली, ठिगळ लावले, वीस मिनिटांत पुन्हा स्वार झालो. दोन किलोमीटरही झाले नसतील, चाक पुन्हा बसले.

नवख्याला वाटते, पंक्चर ट्यूबमध्ये असते. ट्यूबमध्ये नुसते भोक असते. काटा टायरमध्ये असतो. तो शोधून काढला नाही, तर कितीही ठिगळे लावा, तो पुन्हा टोचणारच. हे मला माहीत होते. पण घाईत बोट फिरवले ते वरवर. दुसऱ्यांदा मी सोल्यूशनची ट्यूब दाबली, तर ती सुकलेली. एकदा फोडलेली ही ट्यूब पिशवीत पडल्या पडल्या सुकत जाते, हे मात्र माहीत नव्हते. दिवस मावळला. पाणी अर्धी बाटली उरले होते. फोनला रेघ नव्हती. सामानाने जड झालेली सायकल ढकलत मी निघालो आणि तासाभराने एका आखाड्यावरचा दिवा दिसला.

तिथे हळद शिजत होती. पूर्वी मोठ्या काहिलीत ती उकळत; आता बॉयलरची वाफ नळ्यांवाटे पिंपांत सोडतात. पिंपाला लावलेल्या झाकणाच्या फटींतून पांढरे ढग निघत होते, आणि त्या ढगांत पाच-सहा माणसे पिवळ्या हातांनी टोपल्या ओतत होती. मी फाटकाशी उभा राहिलो. खरे सांगतो, एक वाक्य बोलायचे होते. ते जिभेवर यायला दोन मिनिटे लागली. एकसष्ट वर्षांत मी परक्या दारात “मला मदत हवी” असे कधी म्हटले नव्हते.

म्हणायची गरज पडली नाही. घरातल्या आजीबाईंनीच पाहिले. सत्तरीच्या असतील. “कोण हाय? आत या की! सायकल पंचर झाली जणू.” आणि मग, अर्थातच, “एकलेच का?”

या वेळी “हो” म्हणताना ऐट नव्हती.

पुढचे सगळे माझ्या हातातून गेले. दहावीतल्या नातवाने चाक काढून नेले. त्याने कापसाचा पेळू घेऊन टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापूस अडकला. “हे बघा काका,” म्हणून त्याने चिमट्याने काट्याचे टोक बाहेर काढले. माझ्या चष्म्याला जे दिसले नव्हते, ते कापसाला कळले! ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या डब्यातले सोल्यूशन लावून त्याने काम पुरे केले. तोवर ताटात ज्वारीच्या दोन भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि कांदा आला होता. अंथरूण ओसरीवर पडले. रात्री बराच वेळ मी टोपल्या ओतणाऱ्या मंडळींशी बोलत बसलो. हळद शिजली की नाही ते काडी टोचून पाहतात. काडी अलगद आरपार गेली की झाले. मग ती पंधरा दिवस उन्हात वाळते. हळकुंड खट्टदिशी मोडले की ते वाळले. पाच पोती ओली हळद वाळवली तर जेमतेम एक-सव्वा पोते हाती लागते.

सकाळी मीही खळ्यावर हळद पसरायला लागलो. तासाभरात कोपरापर्यंत पिवळा झालो. सुना तोंडाला पदर लावून हसल्या. आजी म्हणाल्या, “दादा, या वयात पुन्हा हळद लागली की तुम्हाला!”

निघताना मी माझ्या जुन्या स्वभावावर गेलो. दोनशे रुपये चहाच्या बशीखाली सरकवले आणि सायकलीवर बसलो. फाटकापर्यंत पोचतो तो आजी मागे आल्या. “दादा, हे इसरलं तुमचं.”

“नातवाला खाऊ म्हणून…” मी पुटपुटलो.

त्यांनी नोटा माझ्या खिशात घातल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “माझा धाकटा पुण्याला हाय, कंपनीत. तितं त्यालाबी कुणी भाकर देत असंल ना?”

मी मान हलवली आणि पॅडल मारले. आमच्या सोसायटीच्या फाटकावर चार वर्षे एक पहारेकरी उभा आहे. तो परभणीकडचा, एवढेच मला माहीत होते. त्याचे गाव मी कधी विचारले नव्हते. भाकरीची गोष्ट तर दूरच.

औंढ्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. नागनाथाचे देऊळ खालच्या अंगाला यादवकालीन कोरीव दगडाचे, तर वरचा भाग नंतरच्या काळातला. पिंडी तळघरात; तिथे वाकून, जवळजवळ बसत उतरावे लागते. नामदेवांची कथा इथलीच. तेरच्या संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटी मारून त्यांना कच्चे मडके ठरवले आणि ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले. पाहतात तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! पुढचे सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी या कथेत मला पिंडीचा चमत्कार आवडे. त्या दिवशी तळघरातून वर येताना वेगळेच लक्षात आले. नामदेव विठ्ठलाचे लाडके होते. त्यांना कुणाकडून काही घ्यावेसे वाटत नव्हते. तेवढेच त्यांचे कच्चेपण होते.

औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असतील. माझ्या हिशेबाने एकेक बाहू म्हणजे सायकलवर पंधरा-वीस मिनिटे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली थरथर तिथे टिपायची, तीही अणुगर्भातल्या कणाहून सूक्ष्म. शहराच्या गोंगाटापासून दूर, शांत जमीन हवी म्हणून ही जागा निवडली. मार्च २०२४ मध्ये या जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचा भूकंप जाणवला होता, त्याची आठवणही टपरीवरच्या मंडळींनी हसत हसत काढली. मला मात्र वाटले, ऐकू येण्यासाठी आधी आपला आवाज थांबावा लागतो, हे यंत्रालाही चुकत नाही.

हिंगोलीच्या बाजारात हळदीच्या पोत्यांच्या राशी पाहिल्या, एक मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कयाधूकाठच्या नरसीला गेलो. नामदेवांचे हे जन्मगाव मानले जाते. १२७० चा त्यांचा जन्म. इथून निघालेला माणूस पंजाबात घुमानपर्यंत पोचला आणि त्याची ६१ पदे शीखांच्या गुरुग्रंथसाहेबात मानाने विराजमान झाली. एवढ्या वाटेवर किती अनोळखी ओसऱ्यांवर त्यांनी पाठ टेकली असेल! भाकरी घेतल्याशिवाय का कुणी इतके लांब जाते?

नदीकाठच्या पायरीवर बसून मी फोन काढला. फोनला रेघ होती, त्यामुळे सबब उरली नाही.

“दादा?” भावाचा आवाज दचकलेला होता. दिवाळी नव्हती ना! “काय झालं? बरा आहेस ना?”

“बरा आहे. सायकलवरून नागपूरला येतोय. आठेक दिवसांत पोचेन.” मग थांबलो. पुन्हा ते एक वाक्य जिभेवर यायला वेळ लागला. “तुझ्याकडे चार दिवस राहीन म्हणतो. चालेल ना? आणि मागचं चाक जरा दुखावलंय, तिथला एखादा चांगला मिस्त्री बघून ठेव.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मी ऐकत राहिलो. मग तो म्हणाला, “वहिनी काय म्हणाल्या?”

“तिला अजून सांगितलं नाही.”

“मग आधी तिला सांग,” तो म्हणाला आणि हसला. तो तसा हसलेला मी बारा वर्षांत ऐकला नव्हता.

लॉजची खोली मी तिथूनच रद्द केली. वहीतल्या जमाखर्चात त्या दिवशी जमेला काय मांडावे ते सुचेना. पान कोरेच ठेवले, त्यावर फक्त पिवळ्या बोटांचे ठसे उमटले.

दुसऱ्या दिवशी वाशीमच्या रस्त्याला लागलो. जिल्ह्याची हद्द ओलांडण्याआधी एका फाट्यावर चहाला थांबलो, तर शाळेला निघालेली चार पोरे सायकलीभोवती जमली. त्यांतल्या सर्वांत लहानाने घंटी वाजवून पाहिली आणि विचारले, “काका, एकलेच का?”

“नाही रे,” मी म्हणालो, “चहा घेतोस का?”

चौघांनीही घेतला.