पाण्याची ये-जा

पूर ओसरल्यानंतरच्या घराला एक वास असतो. भिजलेल्या शाळूचा, आंबलेल्या पेंडीचा, फुगून बसलेल्या दारांच्या लाकडाचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी नदीच्या गाळाचा, थंड, किंचित लोखंडी. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या घरात तो दिवाळीपर्यंत रेंगाळायचा. भिंतींना चुना लागायचा, ऊद जळायचा, तरी पहाटे चुलीची ऊब भिंतीत शिरली की आतली ओल जागी व्हायची आणि तो वास हलक्या पावलांनी माजघरात यायचा. मला त्याची किळस कधी वाटली नाही. भीती वाटायची, पण तीही घरातलीच.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी थिसिसला चढत्या पाण्यातलं घर हा विषय घेतला, तेव्हा टेबलावर सगळ्यात आधी पसरला तो पूररेषेचा नकाशा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. कागदावर किती शांत पडलेल्या असतात त्या! आणि आमच्या भागाच्या आठवणीत २००५ आहे, २०१९ आहे, लगेच २०२१ आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोका म्हणतात. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा तिथे ५७ फुटांच्या वर गेली होती.

मग जगभरची घरं पाहिली. नेदरलँड्समध्ये मास नदीकाठी, मासबोमेलला, पाण्याबरोबर खांबांना धरून वर उचलली जाणारी घरं. बांगलादेशातल्या नदीच्या चरांवर, म्हणजे गाळाच्या बेटांवर, वास्तुरचनाकार मरिना तबस्सुम यांनी उभी केलेली ‘खुदी बाडी’, बांबूची, दुमजली, नदीनं जमीन खाल्ली तर सुटी करून दुसरीकडे नेता येणारी. या घरांवर माझा जीव जडला. पण आमच्या घरात जनावरं होती, कणगी होती, काळ्या रानाची ओढ होती. ते घर तरंगणारं नव्हतं, आणि उठून जाणारंही नव्हतं.

नृसिंहवाडीला मात्र मी पुन्हा पुन्हा जात राहिले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं ते दत्ताचं देऊळ पावसाळ्यात पाण्याखाली जातं. पाणी उत्तरेकडून आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं; त्या दक्षिणद्वार सोहळ्याला माणसं स्नानासाठी गर्दी करतात. उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात, पाणी उतरलं की गाळ धुतात, पूजा पुन्हा खाली सुरू होते. ओल्या दगडाला हात लावला की तोच वास. आमच्या माजघरातला.

तिथेच, घाटाच्या पायरीवर बसून, मला आज्जीचा क्रम आठवला. पाण्याच्या कडेला ती काडी रोवायची. चार बोटं चढलं, म्हणायची, आणि घर हलायला लागायचं. पायरी बुडाली की गुरं माळावर. जोत्याला पाणी लागलं की बियाण्याची शेंग माळ्यावर. उंबऱ्याशी आलं की देव, सातबाऱ्याचे कागद, मग धान्य, मग भांडी. घाई नसायची. हुंदका असायचा कधीकधी, पदराआडचा.

तो क्रम मी सेक्शनमध्ये काढला. मीटरच्या आकड्यांशेजारी पायरी, जोतं, उंबरा, कोनाडा, तुळई अशी नावं लिहिली. कोनाड्यापर्यंत काळ्या दगडाचं बांधकाम, समोरासमोरच्या भिंतींत खाली झरोके, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत राहील आणि भिंतीवर एकाच बाजूनं रेटा येणार नाही. पुरात तग धरलेल्या मातीच्या भिंती कित्येकदा पाणी उतरताना बसतात, हे काठावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. फरशीला नदीकडे उतार, गाळ ढकलून धुता यावा म्हणून. अडवण्यासाठी मी काही काढलंच नाही. पाण्याला यायची वाट आणि जायची वाट, आणि मधल्या वेळात माणसांना वर राहण्याची जागा.

आणि जिना. यावर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. आमच्याकडे माळ्यावर जायला उभी शिडी होती. गुडघे दुखणाऱ्या आज्जीला दोघं मिळून वर घ्यायचे, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जी शरम यायची ती मला पाण्यापेक्षा जास्त टोचायची. म्हणून बाहेरच्या बाजूनं रुंद, सावकाश चढणारा दगडी जिना काढला, हाताला कठडा असलेला. तो वरच्या मजल्यावरच्या सज्जाला मिळतो. २०१९च्या पुरात ब्रह्मनाळ गावाजवळ बचावाची बोट उलटली, माणसं गेली, ती बातमी वाचलेली संध्याकाळ माझ्या पेन्सिलीत अजून आहे. सज्जाला पायऱ्या दिल्या, पाणी ज्या उंचीला असेल तिथून बोटीत पाय टाकता यावा अशा, आणि प्रत्येक पायरीशी दोर बांधायला लोखंडी कडी.

ज्यूरीत विचारलं गेलं, एवढ्याशा घराला इतका मोठा जिना कशाला. मी त्यांना म्हातारीच्या पावलाची उंची सांगितली.